न काढलेल्या वेष्टनाची बखर

श्रीवायुदेव प्रसन्न. जे तापले ते निवो, जे झाकले ते उघडे पडो.

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख आणि ज्येष्ठ हे दोन मास, या अवधीत कोणा एका राज्यात सरकारी गणकयंत्र तापले आणि त्या तापापायी एका जाणत्या माणसाची पगडी गेली, त्याची हकिकत आपण पुसिली. तरी दरबारच्या दप्तरी जे लिहिले आहे ते निराळे आणि घडले ते निराळे. आम्ही घडले ते लिहितो. राज्याचे नाव पुसू नये, आम्हांस अद्याप तेथेच राहणे आहे.

त्या राज्याची चाल ऐसी होती की, नवी वस्तू आली म्हणजे तिजवरील प्लास्टिकचे वेष्टन म्हणोन काढू नये. थोरल्या सरकारांनी राज्यात पहिली मोटार आणविली आणि हौसेने तिच्या बैठकांवरील वेष्टन आपले हाते काढिले आणि दुसरेच दिवशी ते कैलासवासी जाहले. वय ब्याण्णव होते, दमाही होता, परंतु दोष सगळा वेष्टनावर गेला. तेव्हापासून गाद्या, गिरद्या, आरसे, घड्याळे, दिवाणखान्यातील झुंबर, जे जे आले ते वेष्टनासहित नांदू लागले. खासे सिंहासनही वेष्टनात. सरकार विराजमान होत तेव्हा करकर आवाज उठे आणि उन्हाळ्याचे दिवसांत अंगरखा ऐसा चिकटे की उठताना दोही अंगांनी हुजऱ्यांनी सोडवावे लागे. कोणी हसत नसे. आणि या चालीस धक्का लागू नये म्हणोन वेष्टननवीस ऐसा एक हुद्दाच निर्माण केला होता आणि त्या हुद्द्यावर अंबाजीपंत नावाचे गृहस्थ होते. माणूस वाईट नव्हता, परंतु कोणी नव्या वस्तूस नख लावले की पंतांचे डोळे कपाळात जात आणि मग त्या माणसाची धडगत नसे.

यंत्रखान्याचे अधिकारी हरबाजी नाईक. एकतीस वर्षे चाकरी, यंत्राचा नुसता आवाज ऐकोन रोग सांगत. अलीकडे दोही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणोन बारीक काम आपले जावई सटवोजी यांचे हाती सोपवीत. सटवोजी पस्तिशीचे, हात हलका, बुद्धी चांगली, परंतु स्वभाव भिडस्त. कोणी मोठ्याने बोलले की पाचावर धारण बसे आणि मग समोरचा म्हणेल त्यास होय म्हणोन मोकळे होत. हीच त्यांची खोट, आणि या बखरीत जे वाईट आहे ते सगळे या एका 'होय'तून निघाले आहे.

मागील साली विजयादशमीस नवे गणकयंत्र आले. शहरास पेठांपेठांनी पाणी सोडण्याच्या पाळ्या त्या यंत्राने लावाव्या, झडपा त्यानेच उघडाव्या आणि मिटाव्या, ऐसी योजना. यंत्राचे पोटात प्रोसेसर म्हणोन चौकोनी चकतीएवढा जो मुख्य असतो, सगळा हिशेब करणारा, त्यास दरबारी मंडळी प्रधानजी म्हणत. प्रधानजी विचार करू लागले की तापतात, म्हणोन त्यांचे मस्तकी धातूचे एक जाड शिरस्त्राण बसवितात आणि त्यावर पंखा. दोहोंचे मध्ये पांढऱ्या मलमासारखा लेप लावितात, म्हणजे प्रधानजींची ऊब लेपातून धातूत जाते आणि पंखा ती बाहेर घालवितो. मुहूर्त दुपारचा होता, सनई वाजत होती आणि सटवोजींनी शिरस्त्राण पालथे करोन पाहिले तो त्याच्या बुडाशी कांद्याच्या पापुद्र्याएवढे पातळ वेष्टन. त्यावर परक्या भाषेत तांबड्या अक्षरांनी लिहिले होते की बसविण्यापूर्वी हे काढावे. सटवोजींस ती भाषा येत होती. त्यांनी कोपऱ्यास नख घातले मात्र, मागोन अंबाजीपंत कडाडले, "अहो, हात आवरा! सरकारी वस्तू आहे!" सनई थांबली. सगळा दरबार पाहो लागला. सटवोजींचे नख जागीच राहिले आणि मग त्यांणी मनाशी म्हटले की एवढा पापुद्रा, त्याने काय होणार, आणि वेष्टनावरच लेप लाविला आणि शिरस्त्राण बसवोन चार मळसूत्रे आवळली. हरबाजी जवळच उभे होते, त्यांस अंधुक दिसत होते. त्यांणी हळूच विचारिले, "सटवोजीराव, धातू उघडा करून बसवलात ना?" आणि सटवोजी म्हणाले, "होय, मामा." मग पेढे वाटले, यंत्रास हार घातला आणि अंबाजीपंतांनी जरीकाठाची मखमली झूल वरोन पांघरिली.

थंडीचे दिवस निघोन गेले, कोणाचे लक्ष गेले नाही. चैत्र सरता यंत्र मंद चालू लागले. वैशाखात भर दुपारी पडद्यावर अठ्ठ्याण्णव अंश ऐसा आकडा लागला आणि प्रधानजींनी आपला जीव राखण्यासाठी आपणच डोळे मिटिले. यंत्र मिटले म्हणजे झडपा जैशा असतील तैशा राहत. दोन घटकांनी निवोन पुन्हा चालू होई आणि पुन्हा मिटे. मग दरबारी जो तो वैद्य जाहला. ज्योतिषी म्हणाले की यंत्राचे राशीस मंगळ आहे. कोणी म्हणाले लिंबू ठेवा. अंबाजीपंत म्हणाले, "यंत्रास उघडी हवा बाधते आहे, दुसरी झूल घाला," आणि दुसरी झूल घातली आणि त्या दिवशी यंत्र तीन वेळा अधिक मिटले. तेव्हा हरबाजी नाईक पुढे जाहले, मुजरा केला आणि दोन्ही झुली काढविल्या. मग भात्याने जाळीतील धूळ उडविली, कुंचल्याने पंख्याची पाती पुसविली, कागदाचा तुकडा धरोन वारा बाहेर जातो ऐसे पाहिले, खोलीस वाळ्याचे पडदे लाविले. एवढे करोनही आकडा अठ्ठ्याण्णव. मग हरबाजींनी बाजूचे दार उघडविले आणि हात आत घालोन शिरस्त्राणास बोट लाविले आणि बोट तैसेच ठेवोन बराच वेळ उभे राहिले. त्यांचा चेहरा पालटला. बोलिले, "हे तर गार आहे. प्रधान आत भाजतोय आणि डोक्यावरचं लोखंड गार! म्हणजे दोघांची भेटच नाही. मध्ये काही आहे."

सटवोजी तेथेच उभे होते. त्यांस तो पापुद्रा लख्ख आठवला, तांबडी अक्षरेसुद्धा. आता शिरस्त्राण उतरविणे म्हणजे प्रधानजींचे मस्तक उघडे करणे, त्यास हुजूरची आज्ञा लागे, आणि आज्ञा मागावयाची तर कारण लिहोन द्यावे लागे. हरबाजींनी जावयाकडे मान वळविली. सासऱ्याने जावयास एकच गोष्ट दोनदा पुसणे म्हणजे त्याचा शब्द खोटा पाडणे, ऐसी त्या घराण्याची रीत, तरी यंत्रापुढे रीत बाजूस ठेवोन म्हातारा बोलिला, "राग मानू नका, सटवोजीराव. पुन्हा विचारतो. मध्ये लेपाशिवाय काही राहिलं नाही ना?" दारात अंबाजीपंत उभे होते. सटवोजींनी त्यांजकडे पाहिले आणि मामांकडे पाहिले आणि म्हणाले, "नाही, मामा. सगळं नीट बसवलंय." हरबाजींनी मान हलविली. आपले बोट खोटे मानिले आणि जावयाचा शब्द खरा मानिला. हुजूर जावोन सांगितले, "शिरस्त्राण माझ्या देखत बसलं आहे, त्यात खोट नाही, मी जबाबदार. पंखा अशक्त आहे, नवा मागवावा." आम्हांस हे लिहिताना आजही वाईट वाटते. इतक्या जवळ येवोन तो माणूस परतला आणि कशामुळे परतला, तर घरच्या माणसावर भरवसा ठेविला म्हणोन.

नवा पंखा परमुलखातोन यावयाचा, त्यास दिवस लागले. तो न येता वैशाख वद्य नवमीस यंत्र मिटले ते उठेचना, आणि मिटले तेव्हा खालच्या पेठेच्या झडपा बंद होत्या. झडप हाताने फिरविण्याची चावी यंत्रखान्यात होती, परंतु तीही मोहोरबंद वेष्टनात, आणि मोहोर तोडण्याचा अधिकार ज्यांचा ते अंबाजीपंत भाचीच्या लग्नास परगावी गेलेले. तीन दिवस खालच्या पेठेत पाण्याचा थेंब नाही. जुन्या विहिरीवर झुंबड उडाली, दोन बायका पायऱ्यांवरोन पडल्या, एकीचा हात मोडला. लोक वाड्यापुढे रिकामे हंडे घेवोन बसले, ते चौथे दिवशी पंत परतले, मोहोर तोडिली आणि चावीने पाणी सोडविले तेव्हा उठले. सरकारांची मर्जी बिघडली होती आणि राग कोणावर तरी जाणे भाग होते, तो ज्याने आपणांस जबाबदार म्हणविले त्यावर गेला. भर दरबारात हरबाजी नाईकांची पगडी उतरविली, किल्ल्या घेतल्या आणि नदीपलीकडे आपल्या गावी जावोन राहावे ऐसी आज्ञा जाहली. म्हाताऱ्याने मुजरा केला. निघताना म्हातारा दारात थांबला आणि सटवोजींस बाजूस घेवोन म्हणाला, "नवा पंखा येईल तो घाईत उलटा बसवू नका. कागद धरून वारा पाहा, मगच मळसूत्रं आवळा." मग उघड्या डोकीने उन्हातोन चालू लागला. त्याच दरबारात किल्ल्या सटवोजींस मिळाल्या आणि मानाची शालही मिळाली. शाल प्लास्टिकच्या पिशवीत होती आणि ती तैसीच खांद्यावर ठेविली.

नवा पंखा आला. सटवोजींनी कागद धरोन वारा पाहिला आणि मग मळसूत्रे आवळली, सगळे मामांनी सांगितले तैसे. यंत्र उठले, परंतु पुन्हा मिटू लागले. आकडा अठ्ठ्याण्णव. जे ठाऊक होते ते पुन्हा ठाऊक जाहले. दुपारी घरी जेवावयास आले तो मैनाबाई, हरबाजींची लेक, ताट वाढोन समोर बसली होती. बाईंनी पाणी पुढे केले आणि विचारिले, "आबांचं बोट कधी चुकलंय का हो?" सटवोजी भात कालवीत राहिले. "डोळे आबांचे गेलेत. बोटं नाही गेली. त्यांनी मध्ये काहीतरी आहे म्हटलं होतं, मला इथे येऊन सांगितलं होतं. हात तुमचे होते. काय होतं मध्ये?" मग सटवोजींनी ताट बाजूस सारिले आणि दसऱ्याच्या सनईपासोन सगळे सांगितले. सांगताना रडले. मैनाबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "इतके दिवस माझ्या हातचं जेवलात." आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "आबांना आठ दिवस ताप आहे, निरोप आलाय. मी उद्या जाते. तुम्ही यायचं तर ते घेऊन या. नाहीतर येऊ नका." ते म्हणजे काय, हे सटवोजींस विचारावे लागले नाही.

त्याच दिवशी तिसरे प्रहरी सटवोजी यंत्रखान्यात गेले आणि कोणाची आज्ञा न मागता दाराची कडी आतोन लाविली. यंत्राची वीज तोडिली. एक मळसूत्र या कोपऱ्याचे आणि एक समोरच्या कोपऱ्याचे, ऐसी आळीपाळीने चारही सैल केली, म्हणजे प्रधानजींवर एकीकडे भार पडू नये, हेही मामांनीच शिकविले होते. शिरस्त्राण उचलिले. बुडाशी ते वेष्टन होते, भाजोन पिवळे पडलेले, मध्ये प्रधानजींच्या आकाराचा चौकोन उमटलेला, आणि एका कोपऱ्यास नखाची खूण. मग त्यांणी वेष्टन सोडविले. सोडविण्यास डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागला नाही. स्पिरिटमध्ये कापूस भिजवोन दोन्ही अंगे स्वच्छ पुसिली, तांदळाच्या दाण्याएवढा नवा लेप ठेविला, उघडा धातू उघड्या मस्तकावर टेकविला आणि मळसूत्रे आवळली. यंत्र उठले. सटवोजी पडद्यापुढे एक प्रहर बसोन राहिले. आकडा बावन्न. शहराच्या सगळ्या झडपा एकापाठोपाठ एक उघडल्या, पेठांतोन बायकांचा गलका ऐकू आला. त्यांस आनंद व्हावयास हवा होता, तो जाहला नाही.

दुसरे दिवशी दरबारात सटवोजी उभे राहिले आणि वेष्टन हातावर धरोन सगळे सांगितले, आपले दोन्ही खोटे शब्दही सांगितले आणि म्हणाले, "दोष माझा आहे, सरकार. नाईकांची पगडी परत द्यावी आणि शिक्षा मला द्यावी." अंबाजीपंत पांढरेफटक पडले, कारण दसऱ्याचा आपला शब्द त्यांसही आठवला. सरकारांनी ते वेष्टन लांबोनच पाहिले. मग विचारिले, "यंत्र चालतं?" "चालतं, सरकार." "खालच्या पेठेत पाणी आलं?" "आलं." तेव्हा सरकार थकल्या आवाजात बोलिले, "मग वेष्टन काढलं म्हणून चाललं, असं दप्तरी लिहायचं का? थोरल्या सरकारांचं काय सांगायचं लोकांना? आणि आम्ही अठ्ठावीस वर्षं या आसनावर चिकटून बसलो, ते कशासाठी?" मग आज्ञा जाहली की हरबाजी नाईक यांचा दोष क्षमा केला ऐसे लिहावे आणि त्यांची पगडी सन्मानाने पोचती करावी. सटवोजी म्हणाले, "पण त्यांचा दोष नव्हताच, सरकार." चोपदाराने काठी आपटली, दरबार बरखास्त जाहला. बाहेर अंबाजीपंतांनी गाठिले आणि हात पुढे करोन म्हणाले, "ते वेष्टन सरकारी आहे. जमा करा." सटवोजींनी मूठ आवळिली आणि म्हणाले, "नाही, पंत." त्यांच्या तोंडोन हा शब्द पंतांनी प्रथमच ऐकिला. मग नदी उतरोन सटवोजी सासुरवाडीस गेले.

हरबाजी ओसरीवर खाटेस खिळोन होते. अंगात ताप ऐसा की जवळ बसल्या माणसास झळ लागे. मैनाबाई कपाळी गार पाण्याची घडी ठेवीत होत्या. सटवोजींनी काही न बोलता ते वेष्टन म्हाताऱ्याच्या हाती दिले. हरबाजींनी ते बोटांत धरोन चाचपले, चौकोनाची कड लागली, मग कोपऱ्यावरची नखाची खूण लागली, तेथे बोट थांबले. म्हणाले, "हे होय." मग विचारिले, "आता आकडा किती?" "बावन्न, मामा." "लेप किती घातलात?" "तांदळाएवढा." "बरोबर." म्हाताऱ्याचे तोंडावर क्षणभर समाधान दिसले, बोट खोटे ठरले नाही याचे असेल. मग ते मावळले. हरबाजी म्हणाले, "सटवोजीराव, मी दोनदा विचारलं होतं हो." सटवोजींनी त्यांचे पाय धरिले. म्हाताऱ्याने पाय ओढोन घेतले नाहीत आणि हातही डोक्यावर ठेविला नाही. कूस बदलोन भिंतीकडे तोंड केले आणि त्यानंतर ते कोणाशी बोलिले नाहीत.

चौथे दिवशी, ज्येष्ठ शुद्ध एकादशीस, हरबाजी नाईक वारले. तिरडी बांधली होती, गावची मंडळी जमली होती, इतक्यात दरबारचा हुजऱ्या घोड्यावरोन आला आणि मानाने तबक पुढे केले. तबकात पगडी होती, आणि पगडीवर कोरे करकरीत प्लास्टिकचे वेष्टन. मैनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. सटवोजींनी पगडी उचलिली आणि कोपऱ्यास नख घातले. हुजऱ्या ओरडला, "अहो, हात आवरा! सरकारी आहे!" जमलेली मंडळी मागे सरली. या वेळी सटवोजींचे नख थांबले नाही. वेष्टन टरकावोन अंगणात टाकिले आणि पगडी दोन्ही हातांनी मामांचे डोक्यावर बसविली. बसविताना बोटे कपाळास लागली. इतके दिवस फणफणलेले ते कपाळ आता गार होते.

एकुणात हकिकत इतकीच. यंत्र आजही बावन्न अंशांवर चालते, पेठांस पाणी वेळेवर येते. अंबाजीपंत हुद्द्यावर कायम आहेत. सिंहासन करकरते. दप्तरी हरबाजी नाईक यांचे नावापुढे 'दोषी, क्षमा केली' ऐसे लिहिले आहे. सटवोजी यंत्रखान्यात एकटेच काम करितात आणि घरी आपले ताट आपणच वाढोन घेतात. जे जैसे घडले ते तैसे लिहिले, वरोन काही झाकिले नाही. बखर समाप्त.